नऊ वर्षांचा बॉन्ड

पार्ल्याला स्टेशनच्या पूर्व बाजूला उतरा आणि हनुमान रोडकडे चालायला लागा. वाटेत गायन-वादनाच्या क्लासची एखादी तरी पाटी दिसतेच. पाटीवर गायन, हार्मोनियम, तबला असं लिहिलेलं असतं आणि त्याखाली जरा बारीक अक्षरात गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांचा उल्लेख असतो. आपल्या हॉस्टेलमध्येसुद्धा प्रवेशिका किंवा मध्यमा झालेले बरेच जण निघतील. बहुतेकांचं गाणं दहावीला थांबलं, कारण पुढे सीईटीचे क्लास लागले. पण शाळेच्या वयात कधीतरी पेटीसमोर बसून सा लावला होता हे खरं.

फी भरायची, ठरलेल्या वेळी वर्गात जायचं, पुस्तकातून शिकायचं, परीक्षा द्यायची आणि सर्टिफिकेट घ्यायचं. गाणं असंही शिकता येतं यात आपल्याला काहीच विशेष वाटत नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र हे ऐकून लोक हसले असते. ज्या माणसाने हे हसणं अंगावर घेतलं आणि पुढे त्यापायी डोक्यावर कर्जही करून घेतलं, त्याची ही गोष्ट आहे. त्यांचं नाव पंडित विष्णु दिगंबर पलुसकर.

त्यांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ चा, कुरुंदवाडचा. कुरुंदवाड आज कोल्हापूर जिल्ह्यात येतं, तेव्हा ते पटवर्धनांचं छोटं संस्थान होतं. वडील दिगंबरबुवा कीर्तनकार, त्यामुळे घरात अभंग, टाळ, पेटी हे सगळं असणारच. विष्णु शाळेत जात होता आणि सरळ मार्गाने गेला असता तर संस्थानात कुठेतरी कारकून झाला असता. पण दत्तजयंतीच्या उत्सवात फटाका उडून चेहऱ्यावर आला आणि डोळे भाजले. उपचारांसाठी मिरजेला नेलं, तरी दृष्टी पूर्ण परत आली नाही. पुस्तक वाचणं जमेना म्हणजे शाळा संपली. मुलाचा गळा चांगला होता, म्हणून मिरजेच्या संस्थानिकांच्या आश्रयाने त्याला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या हाती सोपवण्यात आलं.

बाळकृष्णबुवा म्हणजे ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणारे गवई. ती मिळवण्यासाठी ते घर सोडून उत्तरेकडे गेले होते, गुरू शोधत फिरले होते आणि गुरूच्या घरची सगळी कामं करून शिकले होते. त्या काळी गाणं शिकायचा हाच मार्ग होता. गुरूने घरात घ्यायचं आणि शिष्याने पाणी भरायचं, पाय चेपायचे. गुरूच्या मनात येईल तेव्हा तो एखादी बंदिश सांगणार, ती लगेच कानात साठवायची. वहीत लिहून घ्यायची सोय नव्हती. सिलॅबस नाही, टाइमटेबल नाही, आणि पुढच्या वर्षी काय शिकवणार हे विचारायची तर हिंमतच नाही. बाळकृष्णबुवा त्यातल्या त्यात मोकळ्या हाताने शिकवणारे होते असं म्हणतात. विष्णु त्यांच्याकडे साधारण बारा वर्षं राहिला. इंजिनिअरिंगची चार वर्षं आपल्याला जड जातात, तिथे बारा!

१८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली. त्यामागची एक हकीकत सांगितली जाते. गावात एक समारंभ होता. संस्थानिकांच्या मर्जीतला म्हणून तरुण विष्णूला आमंत्रण आलं, पण त्याच्या गुरूंना नाही, कारण शेवटी ते एक गवई! गाणं सगळ्यांना हवं, पण गाणारा पंगतीत शेजारी नको. आपल्याला जो मान मिळतोय तो संस्थानिकांमुळे, गाण्यामुळे नव्हे, हे त्यांना तिथे दिसलं असणार. त्यांचं पुढचं सगळं आयुष्य मला या एका अपमानाचं उत्तर वाटतं.

मग भटकंती सुरू झाली. बडोदा, सौराष्ट्र, ग्वाल्हेर, मथुरा असं करत ते पंजाबपर्यंत पोचले. या प्रवासात त्यांनी एक वेगळीच गोष्ट केली, ती म्हणजे तिकीट लावून जाहीर मैफल. तोवर गवई राजाच्या नाहीतर शेठजींच्या दिवाणखान्यात गायचा आणि खूश झालेला मालक बिदागी द्यायचा. तिकीट लावलं की कुणीही पैसे देऊन समोर बसू शकतो आणि गवयाला कुणापुढे वाकावं लागत नाही. आज दीनानाथ नाट्यगृहाच्या खिडकीवर आपण रांग लावतो तेव्हा यात काही क्रांती आहे असं वाटत नाही, पण तेव्हा ती होती.

५ मे १९०१ ला लाहोरमध्ये त्यांनी गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. पुणे, मुंबई सोडून लाहोर! तिथे ना नातेवाईक, ना कुणी मराठी समजणारं. वय एकोणतीसही पूर्ण नाही. इथे एक खुलासा करते, नाहीतर कुणीतरी स्टाफरूममधून दुरुस्ती पाठवेल. संगीताची शाळा म्हणून ही देशातली पहिली नव्हे. बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांची गायनशाळा १८८६ पासून होती. पण तिच्यामागे संस्थानचा खजिना होता. पलुसकरांची शाळा फी, वर्गणी, देणग्या आणि स्वतःच्या मैफलींचे पैसे यांवर चालणार होती, म्हणजे सेल्फ-फायनान्स कॉलेजच म्हणा ना! सुरुवातीचे कितीतरी दिवस एकही विद्यार्थी आला नाही. ते रोज ठरलेल्या वेळी वर्गात जायचे, तंबोरा लावायचे, एकटेच गात बसायचे आणि वेळ संपली की उठायचे. रिकाम्या वर्गातही टाइमटेबल पाळायचं, हा त्यांचा स्वभाव पुढे शाळेचाच स्वभाव झाला.

हळूहळू मुलं आली आणि खरा प्रश्न तेव्हा सुरू झाला. एका गुरूपुढे एक शिष्य बसतो तेव्हा चूक जागच्या जागी कळते. वीस जण बसले की काय करायचं? त्यांनी अभ्यासक्रमाचे टप्पे पाडले, इयत्ता केल्या, परीक्षा ठेवल्या आणि पदवीदान समारंभसुद्धा सुरू केले. मुलांसाठी संगीत बालप्रकाशसारखी पुस्तकं लिहिली. पुस्तकं छापायची तर छापखाना हवा, म्हणून छापखाना घातला, शिवाय मासिक काढलं. वाद्यं बिघडतात, म्हणून वाद्यदुरुस्तीचं वर्कशॉपही शाळेतच. मुली आणि स्त्रियांसाठी वेगळे वर्ग होते. ज्या काळात गाणं म्हटलं की कोठी आठवायची, त्या काळात घरंदाज मुलीला गाण्याच्या शाळेत पाठवायला आईबाप तयार झाले याला मी फार मोठं मानते. आज पार्ल्यात तंबोऱ्याची खोळ घेऊन जाणारी मुलगी दिसते तेव्हा कुणी मान वळवून बघत नाही.

आता स्वरलिपी. पुस्तकातून शिकवायचं तर गाणं कागदावर लिहिता यायला हवं. पलुसकरांनी त्यासाठी स्वतःची चिन्हं ठरवली. कोमल स्वराचा पाय मोडायचा. मंद्र सप्तकाच्या स्वरावर टिंब, तार सप्तकाच्या स्वरावर उभी रेघ. शिवाय एक मात्रा, अर्धी मात्रा, पाव मात्रा यांना स्वराखाली वेगवेगळ्या खुणा. त्याच सुमारास मुंबईत वाळकेश्वरचे वकील विष्णु नारायण भातखंडे स्वतंत्रपणे दुसरी पद्धत तयार करत होते. त्यात कोमल स्वराखाली आडवी रेघ, मंद्र स्वराखाली टिंब आणि तार स्वरावर टिंब. गंमत बघा, स्वराच्या डोक्यावरचं टिंब एका विष्णूच्या पुस्तकात खालचं सप्तक दाखवतं आणि दुसऱ्या विष्णूच्या पुस्तकात वरचं! दोन कंपन्यांनी एकाच आकाराच्या प्लगमध्ये वेगळं वायरिंग करावं तसा प्रकार. पलुसकरांची पद्धत बारकाव्यात जाते, भातखंड्यांची लिहायला-वाचायला सुटसुटीत आहे. आज जास्त करून भातखंड्यांचीच दिसते. चांगलं स्टँडर्ड आणि चालणारं स्टँडर्ड यातला फरक आपल्याला नेटवर्किंगच्या सरांनी शिकवलाय, तोच हा.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. आमच्या शाळेत म्युझिकचा पिरियड असायचा. मिस पियानोवर, समोर छापील नोटेशन आणि आम्ही पन्नास-साठ मुली एकदम गायचो. नोटेशन वाचायला कुणालाच येत नव्हतं, पण आपण जे गातोय ते कुठेतरी लिहिलेलं आहे हे माहीत होतं, आणि त्यामुळे सुरात नसलेलीलाही धीर यायचा. नववीत तो पिरियड मॅथ्सला दिला गेला आणि आमचा वर्ग गायचा थांबला. पलुसकरांबद्दल वाचताना मला सारखं वाटत होतं की आपल्या संगीतासाठी हा धीर कुणीतरी शंभर वर्षांपूर्वीच कमवून ठेवला होता. पंचेचाळीस मिनिटांच्या तासाला बसणारं गाणं, जे गवई होणार नाहीत अशा मुलांसाठी. तानसेन नाही तर कानसेन तरी, असं आपल्याकडे म्हणतातच. मैफलीला गायक जितका लागतो तितकेच समोर बसणारेही लागतात, आणि ते घडवायची जागा शाळा हीच आहे. नुसत्या पालकांच्या हौसेवर सोडलं तर ज्याच्या घरी पेटी आहे तोच शिकतो.

पण शाळा काढायच्या तर मास्तर कुठून आणायचे? गवई होते, पण ते आपली विद्या चारचौघांत वाटायला तयार नव्हते, आणि लहान मुलांच्या वर्गाला शिकवणं हे वेगळंच काम. मला त्यांची सगळ्यात डोकेबाज गोष्ट वाटते ती इथली. त्यांनी उपदेशक वर्ग सुरू केला, म्हणजे संगीतशिक्षक तयार करायचा वर्ग. गरीब घरातली, गळा असलेली मुलं घ्यायची. राहणं, जेवण, कपडे, शिक्षण सगळं शाळेकडे. बदल्यात मुलाने नऊ वर्षांचा करार करायचा. नऊ वर्षं शिकायचं, खालच्या वर्गांना शिकवायचं आणि शाळेचं काम करायचं. आपण प्लेसमेंटला दोन वर्षांचा बॉन्ड असलेली कंपनी दिसली की फॉर्म भरताना दहा वेळा विचार करतो! हॉस्टेलची शिस्तही कडक होती. पहाटे उठणं, प्रार्थना, रियाज, ठरलेल्या वेळी जेवण. व्यसन चालणार नाही, अस्वच्छ कपडे चालणार नाहीत. गवई म्हणजे व्यसनी आणि बेशिस्त ही लोकांची समजूत त्यांना मोडायची होती आणि ती त्यांनी या मुलांच्या जिवावर मोडली. मुलांना ते दिवस किती सोपे गेले असतील याबद्दल मला जरा शंकाच आहे. घरापासून शेकडो मैलांवर, नऊ-दहा वर्षांचं पोर, आणि पहाटेचा थंडीतला लाहोर.

त्या मुलांची नावं बघा. विनायकराव पटवर्धन १९०७ मध्ये मिरज संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन लाहोरला गेले. ओंकारनाथ ठाकूर भडोचचे, घरची अतिशय गरिबी, एका पारशी शेठजींच्या मदतीने मुंबईच्या शाळेत आले आणि १९१६ मध्ये, जेमतेम विशीत, लाहोरच्या शाळेचे प्रिन्सिपल झाले. आपल्या वयाचा मुलगा प्रिन्सिपल! शिवाय नारायणराव व्यास, शंकरराव व्यास, वामनराव पाध्ये, बी. आर. देवधर. नारायण मोरेश्वर खरे हे आणखी एक शिष्य. गांधीजींना साबरमती आश्रमासाठी संगीत शिकवणारा माणूस हवा होता, पलुसकरांनी खऱ्यांना पाठवलं. ते आश्रमातल्या लहान-मोठ्यांना भजन शिकवत राहिले आणि १९३० मध्ये दांडीयात्रेतही चालले. मुलांच्या प्राथमिक शिक्षणात संगीत असलंच पाहिजे हे गांधीजींचं मत होतं, आणि त्यांच्या जवळ तो प्रयोग चालवणारा माणूस पलुसकरांच्या वर्गातून आलेला होता.

मुंबईची शाळा १९०८ मध्ये निघाली. गिरगाव, म्हणजे नोकरदार मराठी-गुजराती मध्यमवर्गाची वस्ती. इथे शाळा लाहोरपेक्षा जोरात चालली. आपल्या पार्ल्याचे पु. ल. देशपांडे १९१९ चे. ते जन्मले तेव्हा ही शाळा अकरा वर्षांची झाली होती. नोकरदाराच्या घरातल्या मुलाने पेटी शिकावी आणि शेजाऱ्यांनी नाकं मुरडू नयेत, अशी हवा त्यांच्या पिढीला आयतीच मिळाली. ती तयार करण्यात गिरगावच्या त्या वर्गांचा मोठा वाटा होता असं मला वाटतं.

गडबड झाली ती इमारतीपायी. भाड्याच्या जागेत किती दिवस चालवणार म्हणून पलुसकरांनी सँडहर्स्ट रोडवर शाळेची स्वतःची मोठी इमारत बांधली, वर्ग, हॉस्टेल, सगळं एकत्र. त्यासाठी मोठं कर्ज काढलं. व्याज भरायला स्वतः गावोगाव मैफली करत फिरायचे. ते फिरतीवर असले की शाळेकडे दुर्लक्ष व्हायचं आणि शाळेत थांबले की हप्ता थकायचा. उपदेशक वर्गाची मुलं तर फुकटच, त्यांच्याकडून उत्पन्न काहीच नाही. इंडस्ट्रियल मॅनेजमेंटच्या पेपरमध्ये ही केस दिली तर आपण कॅश फ्लो चुकला एवढं लिहून पाच मार्क घेऊ. पण कुठला खर्च कापायचा? मुलं काढून टाकली असती तर इमारत कदाचित वाचली असती. त्यांनी मुलं कमी केली नाहीत. १९२४ च्या सुमारास इमारतीचा लिलाव झाला.

त्याआधीच त्यांचं मन रामभक्तीकडे वळलं होतं. भगवी वस्त्रं, रामनाम, तुळसीरामायणावर प्रवचनं. नाशिकला त्यांनी रामनाम आधार आश्रम काढला आणि मुंबई सुटल्यावर उरलेल्या शिष्यांना घेऊन तिथे राहिले. रघुपती राघव ही धून आज ज्या चालीत सगळ्या देशाला माहीत आहे तिचं श्रेय त्यांना दिलं जातं. काँग्रेसच्या अधिवेशनांत ते वंदे मातरम् गायचे. १९२३ च्या काकीनाडा अधिवेशनात अध्यक्ष मौलाना मोहम्मद अली यांनी गाण्याला हरकत घेतली, तरी ते थांबले नाहीत, पूर्ण गाऊनच खाली बसले.

एक गोष्ट मात्र खटकते, आणि चरित्र लिहायचं म्हणून ती लपवण्यात अर्थ नाही. गाणं घराघरात न्यायचं म्हणून त्यांनी शृंगाराच्या बंदिशींचे शब्द बदलले, त्या जागी भक्तीचे शब्द घातले. पालकांना ते पटलं आणि वर्ग भरले. पण या गाण्यातलं किती तरी धन मुसलमान उस्तादांनी आणि कोठीवरच्या गायिकांनी पिढ्यान् पिढ्या जपलेलं होतं, स्वतः ग्वाल्हेरची गायकी हद्दू खां-हस्सू खां यांची. नव्या शाळेच्या प्रार्थना-आरतीच्या वातावरणात या लोकांना जागा उरली नाही. ज्या मानासाठी पलुसकरांनी मिरज सोडली, तो मान सगळ्या गाणाऱ्यांच्या वाट्याला आला नाही. त्यांच्या काळात दुसरा मार्ग शक्य होता का, यावर मेसमध्ये आमचा एकदा चांगला तासभर वाद झाला. तो मिटला नाही.

२१ ऑगस्ट १९३१ ला मिरजेत त्यांचं निधन झालं. वय एकोणसाठ. इमारत गेलेली, पैसा नाही. त्याच वर्षी शिष्य अहमदाबादला जमले आणि त्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं, तेच हे पाट्यांवरचं मंडळ. एका इमारतीत सगळं ठेवण्याऐवजी परीक्षा एक आणि शाळा गावोगावी, अशी ती रचना. लिलाव करायला हातात काही सापडणारच नाही! विनायकरावांनी १९३२ मध्ये पुण्यात विद्यालय काढलं. देवधरांनी १९२५ मध्येच गिरगावात स्कूल ऑफ इंडियन म्युझिक सुरू केलं होतं, आणि तिथे पुढे एक लहान मुलगा शिकायला आला, कुमार गंधर्व. ओंकारनाथ १९५० मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात संगीत विभागाचे प्रमुख झाले. लाहोर १९४७ मध्ये पाकिस्तानात गेलं.

अलीकडे शास्त्रीय कलांच्या परीक्षा दिलेल्या मुलांना दहावीत वाढीव गुण मिळायला लागले, तेव्हा क्लासमधली गर्दी वाढली. काही पालक मार्क पदरात पडले की दुसऱ्या दिवशी क्लास बंद करतात. गाण्याचे सर यावर वैतागतात, आणि ते साहजिक आहे. मला मात्र वाटतं की मार्कांसाठी का होईना, चार वर्षं ज्याने यमन आणि भूप घोटला त्याच्या कानात काहीतरी राहतंच. शाळेच्या टाइमटेबलमध्ये मात्र तो पिरियड अजून सगळ्यात आधी कापला जातो. क्लासची फी परवडणारी मुलं शिकतात आणि न परवडणारी मुलं उपदेशक वर्ग बंद झाल्यापासून वाट बघतायत.

पलुसकरांची बहुतेक मुलं लहानपणीच गेली. उरलेला मुलगा दत्तात्रय वडील गेले तेव्हा दहा वर्षांचा होता, आणि त्याचं शिक्षण अर्धवटही नाही, नुकतं सुरू झालेलं होतं. विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांनी त्याला शिकवलं. १९३५ मध्ये, चौदाव्या वर्षी, तो जालंधरच्या हरिवल्लभ संमेलनात गायला. १९५२ च्या बैजू बावरा सिनेमातल्या गाण्याच्या सामन्यात अमीर खां साहेबांसमोर बैजूसाठी जो आवाज आहे, तो याच डी. व्ही. पलुसकरांचा. १९५५ मध्ये ते अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेले. रेकॉर्डिंग थोडीच आहेत, पण आहेत. हॉस्टेलच्या लॅनवर टाकून ठेवली आहेत, ज्याला हवीत त्याने घ्यावीत.